सरकारने नेमलेला शास्त्रज्ञ नक्की कोणाला बांधील? (निमित्त: गाडगीळ अहवाल)

सह्यकडा
मंडळी, परवा ऑफिसात डबा खाताना झालेला वाद डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे काथ्याकूट टाकतोय. सहकाऱ्याचं म्हणणं, शास्त्रज्ञाने आकडे काढून द्यावेत, ते वापरायचे की कपाटात टाकायचे हे सरकार बघेल, लोकांनी निवडून दिलंय ते सरकारला, शास्त्रज्ञाला नाही. ऐकायला बिनतोड वाटतं. पण मग गाडगीळ अहवालाचं काय?

नवीन लोकांसाठी थोडक्यात: मार्च २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने (तेव्हा जयराम रमेश मंत्री) पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ समिती नेमली. ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल सादर. तोवर मंत्री बदललेले. अहवाल बाहेर येईना. केरळातल्या एकाने माहिती अधिकारात मागितला तर मंत्रालयाने नाही सांगितलं, आणि कारणात कलम ८(१)(अ) पुढे केलं, म्हणजे अहवाल उघड झाला तर राज्याच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल म्हणे. सरकारी पैशाने शास्त्रज्ञांनी लिहिलेला अहवाल लोकांनी वाचला तर *वैज्ञानिक* हिताला बाधा! एप्रिल २०१२ मध्ये माहिती आयुक्त शैलेश गांधींनी अहवाल खुला करा असा आदेश दिला, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे मे महिन्यात हरलं, तेव्हा कुठे वेबसाईटवर आला. तोही मंत्रालयाने औपचारिकरीत्या स्वीकारलेला नाही अशी टीप जोडून.

तर प्रश्न असा की त्या मधल्या आठ-नऊ महिन्यांत समितीतल्या शास्त्रज्ञांनी काय करायला हवं होतं? सरळ पेपरात द्यायचा का अहवाल? की गप्प बसणंच बरोबर?

निवांत_नाना
पहिला नंबर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रयोगशाळेतला_उंदीर
सरकारी संशोधन संस्थेत बरीच वर्षं काढलेला माणूस म्हणून लिहितो. तुमचा सहकारी म्हणतो ते तत्त्व म्हणून मान्य करायला हरकत नाही, पण आम्हाला आकडे "देता" तरी कुठे येतात? केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आमच्यापैकी बहुतेकांना लागू असतात, त्यात सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला बंदी आहे. वैज्ञानिक लेख लिहायला तशी आडकाठी नसते, पण लेखातला निष्कर्ष कुठल्या धोरणाच्या विरुद्ध गेला की तोच लेख टीका ठरतो, आणि ते ठरवणार कोण तर वरचे साहेब. एकदा आमच्या एका पाण्याच्या नमुन्यांच्या अहवालातून एक तक्ता "पुढील पडताळणीसाठी" काढून ठेवला गेला. पडताळणी अजून चालू आहे.

गाडगीळ स्वतः तेव्हा नोकरीत नव्हते, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून निवृत्त झालेले. त्यामुळे ते बोलू शकत होते. समितीतल्या सगळ्यांना ती मोकळीक नव्हती हे लक्षात घ्या.

माधुरी_प
+१ उंदीरराव. करोनातलं ते पत्र आठवतंय का? २ जुलै २०२० ला आयसीएमआरने रुग्णालयांना लिहिलं की देशी लस १५ ऑगस्टपर्यंत आणायचं ठरलंय. चाचण्या सुरूही झाल्या नव्हत्या! मानवी चाचण्यांचे तीन टप्पे झेंडावंदनाच्या मुहूर्तावर बसवायला निघालेले. आरडाओरडा झाल्यावर खुलासा आला की नुसती लालफीत कमी करायची होती. पण बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने तेव्हा स्पष्ट शब्दांत लिहिलं की ही कालमर्यादा अवास्तव आहे. म्हणजे बोलता येतं. एकट्याने बोललं तर नोकरी जाते, अकादमीने बोललं तर निवेदन होतं.

सरकारी_जावई
थोडी दुसरी बाजू मांडतो, दगड मारू नका. अहवाल लगेच फोडला असता तर पुढच्या कुठल्या समितीवर सरकारने कोणाला घेतलं असतं? मी मंत्रालयात (मुंबईतल्या) फायली बघितल्यात. अहवाल आला की सहा राज्यांची मतं मागवायची असतात, आर्थिक परिणाम बघायचा असतो, त्याला वेळ लागतो. उशीर म्हणजे लगेच कट नव्हे. आणि शास्त्रज्ञालाही चुका करायचा अधिकार आहेच की, मग सरकारने तपासून का बघू नये?

सह्यकडा
@सरकारी_जावई, तपासायला ना नाही. पण तपासताना लोकांपासून लपवायचा का? आणि तेही कोर्टात जाऊन?

गणिती_गोंधळी
हा विषय निघाला की मला दामोदर कोसंबी आठवतात. गोव्यातल्या कोसबेनचा जन्म, धर्मानंदांचे चिरंजीव. होमी भाभांनी टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) काढली तेव्हा सुरुवातीलाच त्यांना गणितासाठी बोलावलं. राहायचे पुण्यात, डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन-येऊन. पुढे हा माणूस जाहीरपणे म्हणायला लागला की भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर पैसा लावावा. अणुऊर्जेच्या माहेरघरात बसून! १९६२ ला करार संपला तो वाढवला नाही. १९६६ ला गेलेच. सत्तेच्या विरोधात बोलणाऱ्या शास्त्रज्ञाचं काय होतं याचं हे घरचं उदाहरण.

प्रयोगशाळेतला_उंदीर
गोंधळीबुवा, गोष्ट अर्धीच सांगताय. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमान गृहीतकाची (गणितातलं आजही न सुटलेलं कोडं) सिद्धता दिल्याचा दावा केला, तोही गणिताच्या नाही तर कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. संस्थेतल्या बाकी गणितज्ञांना ते किती जड गेलं असेल विचार करा. कारण अणुऊर्जेचं की रीमानचं, की भाभांशी उडालेल्या खटक्यांचं, हे एका वाक्यात बसवू नका.

गणिती_गोंधळी
मान्य की कारणं गुंतलेली. पण हाच तर सापळा आहे राव! विरोधात बोलणाऱ्याची एखादी खरी चूक सापडली की तिच्यावर बोट ठेवून सगळाच माणूस मोडीत काढता येतो. सत्तेच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या सिद्धता कोण तपासतं? आणि जुन्या नाण्यांच्या झिजेवरून संख्याशास्त्राने काळाचा क्रम लावणारा माणूस होता तो. कृषी सांख्यिकी म्हणून नाक मुरडू नका.

निवांत_नाना
गाडगीळांवरून कोसंबी, कोसंबींवरून रीमान. अजून दहा प्रतिसादांत पानिपत येणार बघा. (हलके घ्या.)

वाशिष्ठी
मी चिपळूणची. तो अहवाल इंग्रजीत आहे आणि जाडजूड आहे म्हणून बहुतेक जण वाचत नाहीत आणि नुसते "गाडगीळ विकासविरोधी" करत बसतात. लोटे परशुराम एमआयडीसीवरचा भाग तरी वाचाच. लोक समितीला सांगत होते की कारखान्यांनी ११,००० लोकांना काम दिलं पण दाभोळ खाडीतली मासळी मेल्यामुळे २०,००० मच्छीमारांचा धंदा बुडाला. लहानपणी आमच्याकडे खाडीचे मासे विकायला येणारी बाई पुढे रत्नागिरीहून बर्फातली मासळी आणून विकायला लागली. खाडीकाठी राहून बर्फातली मासळी!

आणि त्याच अहवालात आहे, ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात तब्बल १९१ दिवस मुंबई पोलीस कायद्याखाली जमावबंदी होती. लोकांनी प्रदूषणाविरुद्ध जमू नये म्हणून. जंगल-पाण्याचा अभ्यास करायला गेलेल्या समितीने हे का नोंदवलं असेल? कारण त्याशिवाय खाडीतला मासा का मेला हे सांगून पूर्णच होत नाही. सह्यकडा यांच्या सहकाऱ्याला विचारा, १९१ हा आकडा शास्त्रज्ञाच्या कामात धरायचा की नाही?

सरकारी_जावई
ताई, भावना पोचल्या. पण जमावबंदीचा आदेश जिल्हाधिकारी सणावाराला, निवडणुकीला पण काढतात, १९१ च्या १९१ दिवस प्रदूषणाच्या आंदोलनासाठीच होते असं कसं म्हणता?

वाशिष्ठी
शिमगा १९१ दिवस चालत नाही हो आमच्याकडे.

निवांत_नाना
😂😂 हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवणार.

नकाशावाला
व्यवसायाने उपग्रह-प्रतिमांचं काम करतो, म्हणून एक तांत्रिक मुद्दा. अहवाल दाबणं चूकच. पण गाडगीळ अहवालाची पद्धत निर्दोष नव्हती. त्यांनी घाटाचे साधारण ९ किमी × ९ किमीचे चौकोन पाडले आणि त्यावरून अख्खे तालुके पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र १, २, ३ (१ म्हणजे सगळ्यात कडक) असे विभागले. एका तालुक्यात कड्यावरचं जंगलही येतं आणि खालचं बाजाराचं गावही. आपण दोघंही पहिल्या क्षेत्रात, हे त्या बाजारातल्या माणसाला कसं पटणार?

मग ऑगस्ट २०१२ ला सरकारने इस्रोचे माजी अध्यक्ष कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती नेमली. तिने २४ मीटर रिझोल्यूशनच्या प्रतिमा घेतल्या आणि गाव हा घटक धरला. नकाशा म्हणून तो जास्त बारीक. एप्रिल २०१३ च्या त्या अहवालात ३७ टक्के घाट, सुमारे ६०,००० चौरस किमी संवेदनशील ठरला, गाडगीळांनी त्याहून बराच जास्त धरला होता.

पण (आणि हा पण मोठा आहे) उपग्रहाला झाडं दिसतात, झाडाखाली राहणारा माणूस दिसत नाही. माणसांनी वापरलेली जमीन म्हणजे "सांस्कृतिक भूभाग" म्हणून बाजूला काढली, तिथल्या देवराया, ओढे, राईसकट. गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना जाहीर पत्र लिहिलं त्यात राग होता तो पिक्सेलवर नव्हता. आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांची काही भूमिका नाही, हा जो सूर त्या अहवालात लागला त्याच्यावर होता.

माधुरी_प
म्हणजे एका शास्त्रज्ञाचा अहवाल पचला नाही की दुसरा शास्त्रज्ञ शोधायचा. सरकारला वैज्ञानिक उत्तर नकोसं झालं की ते कधी "नको" म्हणत नाही, अजून एक समिती नेमतं. दुसऱ्या शास्त्रज्ञाने ते काम घ्यावं का हा पण धाग्याचा प्रश्न होऊ शकतो की.

केशव_सॅनहोजे
अवांतर: सरकारने शास्त्रज्ञाचा बळी देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी. हाफकिनने १८९७ ला मुंबईत प्लेगची लस बनवली, आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी. १९०२ ला पंजाबात मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. खापर हाफकिनवर. बाटली गावात उघडतानाच दूषित झाली होती हे दाखवून त्याला दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं १९२५ ला.

निवांत_नाना
केशवराव, पानिपताच्या जवळ आणलंत! पंजाबपर्यंत पोचलो.

दोडामार्गी
इतका वेळ वाचत होतो. आता आमचा पण ऐका.

तुम्ही सगळे शास्त्रज्ञ आणि सरकार यांच्याबद्दल बोलताय, जसा काय गाव म्हणजे मधली मोकळी जागा. माझं गाव दोडामार्ग तालुक्यात. काजूची बाग आहे, थोडी सुपारी. अहवालाबद्दल आम्हाला पहिल्यांदा कळलं ते पुढाऱ्याच्या भाषणातून, की गाडगीळ आला की घराची कौलं पण बदलता येणार नाहीत, गोठा बांधायला दिल्लीची परवानगी, काजूला फवारणी बंद. घाबरलो. बैठकीत हात वर करून विरोध केलेल्यांत मी पण होतो. नंतर कॉलेजातल्या एका पोराने बसून वाचून दाखवला तर त्यात लिहिलेलं, खनिज खाण नको, आणि ही क्षेत्रं कुठे नि त्यात काय चालेल हे शेवटी ग्रामसभांना विचारून ठरवा, आम्ही मांडतोय ती फक्त सुरुवात आहे. आमच्या सावंतवाडी-दोडामार्गातल्या २५ गावांनी ठराव करून दिलेले की आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या. *घ्या* म्हणून! दिल्लीवाले म्हणतात लोकांचा विरोध आहे, आणि लोकांचे ठराव धूळ खात पडलेत.

पण माझा राग शास्त्रज्ञांवर पण आहे. अहवाल लिहिलात, ग्रामसभेने ठरवावं म्हणालात, चांगलं. पण ग्रामसभेच्या हातात तो मराठीतून आधी कोणी द्यायचा? आमच्यापर्यंत पुढारी पहिला पोचला, शास्त्रज्ञ नंतर. कळणे गावातल्या खाणीचा बांध २०२१ च्या जुलैत फुटला, लाल गाळ-पाणी लोकांच्या बागांत आणि घरांत शिरलं, तेव्हा सगळे गाडगीळ गाडगीळ करायला लागले. आणि जंगल साफ करून रबर लावलेलं आहे त्याच्याबद्दल कोण बोलणार? आमच्यातल्याच लोकांनी जमिनी विकल्या, चांगला भाव आला म्हणून. तो ग्रामसभेचाच निर्णय धरायचा काय?

सह्यकडा
दोडामार्गी, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे.

सरकारी_जावई
दोडामार्गी यांनी शेवटी जे विचारलं तिथेच माझी शंका आहे. ग्रामसभा म्हणजे काय देवाचा कौल नाही. उद्या ग्रामसभेने खाण हवी असा ठराव केला तर गाडगीळवाले मानणार का?

भूजल
पुणे जिल्ह्यात पाणलोटाच्या कामात होतो. जावईबापूंच्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही माझ्याकडे पण माळीणचं सांगतो.

३० जुलै २०१४ ला पहाटे डोंगर आला गावावर, दीडशेच्या आसपास माणसं गेली. सकाळी एसटीच्या ड्रायव्हरला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. त्यानंतर वाद पेटला तो पडकईवरून. पडकई म्हणजे त्या भागातल्या महादेव कोळी लोकांची डोंगरउतारावर भातखाचरं काढायची पद्धत. पाच-दहा घरं एकत्र येतात, आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, पहारीने दगड काढायचा, तोच बांधाला लावायचा, वर्षाला होईल तेवढंच. हाताने करायचं म्हणून उतार किती तोडायचा यालाही मर्यादा. मग त्याची योजना झाली, योजना झाली की उद्दिष्ट आलं, मार्चएंड आला, आणि उतारावर जेसीबी चढले. डोंगर त्यामुळेच आला असं छातीठोक म्हणणारे आहेत आणि तो पाऊसच इतका होता की काहीही झालं असतं म्हणणारेही आहेत, मी त्या वादात नाही पडत. पण उतारावर मशीन घालायच्या आधी कुठल्या भूशास्त्राच्या माणसाने तो उतार बघितला होता का, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता एवढं नक्की. गावातल्या म्हाताऱ्यांना ते काम आयुष्यभराचं माहीत होतं, त्यांना पण नाही विचारलं. मजुरीच्या मस्टरवर मात्र अंगठे होते.

आणि इर्शाळवाडी, जुलै २०२३ ला तिच्यावरही दरड आली. सरकारने विधानसभेत सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. खरं असेल. पण यादी करणारा तिथपर्यंत चढून गेला होता का? पायथ्यापासून वर जायला रस्ताच नाही, मदत करणारे पण चिखलातून चालतच गेले.

नकाशावाला
@भूजल, यादीबद्दल एक भर. दरडप्रवणतेचा नकाशा उतार, खडक, माती, जुन्या दरडी यावरून बनतो. वरची पाच-पंचवीस घरांची वाडी त्यात सुटू शकते, मुद्दाम नव्हे. पण यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा प्रशासन काढतं, आणि तो अर्थ चुकीचा आहे हे ओरडून सांगायचं काम यादी करणाऱ्याचं. ते "आकडे देऊन मोकळे" यात बसत नाही.

प्रयोगशाळेतला_उंदीर
+१. अहवालाच्या शेवटी मर्यादांचा परिच्छेद असतो ना, आम्ही तो सगळ्यात बारीक टायपात टाकतो. फाईल वर जाताना टिपणीत तो गळतो. माझ्या अनुभवात तर शास्त्रज्ञांनाही तो गळालेला बरा वाटतो, कारण मर्यादा सांगितल्या की पुढच्या वर्षीचा निधी अडकतो. सगळा दोष सत्तेवर टाकून आपण मोकळे होतो, पण दाबायच्या आधीच स्वतःच मऊ करून लिहिणारे आमच्यात कमी नाहीत.

माधुरी_प
बाकी घाटातलं संवेदनशील क्षेत्र जाहीर करायची ती केंद्राची अधिसूचना कुठवर आलीये? २०१४ पासून मसुदेच चाललेत.

वाशिष्ठी
सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. ५६,८२५ चौरस किमी, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१. तारीख बघा. वायनाडला मुंडक्काई-चूरलमलावर दरड कोसळली ३० जुलैला, म्हणजे माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी मसुदा. त्यावर पुन्हा राज्यांच्या हरकती, गावं वगळा म्हणून. केरळात २०१३ ला इडुक्की-वायनाडकडे हरताळ झाले होते तेव्हापासून तिथला कुठलाच पक्ष हा विषय हातात घ्यायला तयार नाही, आणि आपले तरी कुठे आहेत.

गणिती_गोंधळी
मूळ प्रश्नावर येऊ का? माझं मत: गाडगीळांनी अहवाल फोडायला हवा होता. सह्या केल्या, सादर केला, समितीचं काम तिथे संपलं. त्यानंतर तो कागद जनतेचा. वाट कशाची बघायची?

सरकारी_जावई
आणि माझं मत उलट. फोडला नाही म्हणूनच माहिती आयुक्त आणि कोर्टाचा आदेश मिळाला, आणि पुढच्या कुठल्याही अहवालासाठी दाखला तयार झाला. फुटला असता तर मंत्रालय म्हणालं असतं हा अधिकृत नाहीच, आणि विषय संपला असता. हे मी सरकारच्या बाजूने नाही बोलत हां, नोंद घ्यावी.

निवांत_नाना
नोंद घेतली, पुढील पडताळणीसाठी ठेवली.

दोडामार्गी
दोघांचंही ठीक. पण कोर्टाच्या आदेशाने अहवाल आला तो वेबसाईटवर, इंग्रजीत. २०१२ ला आमच्याकडे मोबाईलची रेंज मिळवायला टेंबावर चढायचे. फोडला असता तरी इंग्रजी पेपरातच आला असता ना.

@नकाशावाला, तुम्ही ते प्रतिमांचं काम करता म्हणता, तर सहाव्या मसुद्यातल्या आमच्या तालुक्यातल्या गावांचा नकाशा सर्व्हे नंबरसकट मराठीत काढून मिळेल काय? पुढच्या ग्रामसभेत भिंतीवर लावतो. खर्च सांगा.

नकाशावाला
मसुद्यात गावांची यादी आहे, सर्व्हे नंबर नाहीत. गावाच्या हद्दी मिळतील, त्यावर ओढे-जंगल-खाणपट्टे चढवून देऊ शकतो. खर्च नको. व्यक्तिगत निरोप केलाय, गावांची नावं तिकडे पाठवा, आणि जुना गाव-नकाशा तलाठ्याकडून मिळाला तर त्याचा फोटो. सरळ वरून काढा, सावली येऊ देऊ नका.